ओरादूर-सुर-ग्लान : वाचक विचारतात

फ्रान्सच्या लिमुझां भागात, लिमोज शहरापासून वीसेक किलोमीटरवर, ग्लान नावाच्या लहानशा नदीकाठी ओरादूर हे गाव आहे. १० जून १९४४ रोजी, फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना, एसएस या नाझी लष्करी संघटनेच्या 'दास राइश' या चिलखती डिव्हिजनमधल्या एका कंपनीने इथे ६४३ माणसं मारली आणि गाव जाळलं. जळालेलं गाव आजही तसंच राखलेलं आहे आणि त्याला लागूनच नवं गाव वसवलेलं आहे. या गावाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पॅरिसहून एका दिवसात जाऊन येता येईल का? गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने जावं?

जाऊन येता येतं, पण सगळी धावपळ होते. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून लिमोज-बेनेदिक्तां स्थानकापर्यंत थेट गाडीला साधारण सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. पुढे ओरादूरला रेल्वे नाही. प्रादेशिक बससेवेची लिमोज ते सां-जुन्यां मार्गावरची बस घ्यावी लागते. गोची होते ती इथेच. बसच्या फेऱ्या शाळा-कचेरीच्या वेळा धरून आखलेल्या असतात, त्यामुळे दुपारी मोठी पोकळी राहते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या फार कमी असतात किंवा नसतातच. म्हणून आधी परतीची बस पाहून ठेवा आणि त्यावरून जायची ठरवा. लिमोजला मुक्काम केलात तर ही सगळी कसरत टळते.

गाडीने जाणाऱ्यांसाठी ए-२० महामार्गाचा व्हिएर्झों ते ब्रीव्ह हा टप्पा टोलमुक्त आहे आणि लिमोज त्यातच येतं. नकाशात ठिकाण टाकताना मात्र पूर्ण नाव टाका. याच ओत-व्हिएन जिल्ह्यात ओरादूर-सुर-व्हेर आणि ओरादूर-सां-जने ही आणखी दोन गावं आहेत, शिवाय शेजारच्या शारांत जिल्ह्यातही एक ओरादूर आहे. नुसतं 'ओरादूर' लिहून पहिला पर्याय दाबणारे चुकीच्या गावात पोहोचतात. पिनकोड ८७५२० टाकला की घोळ होत नाही.

प्रश्न : तिथे प्रवेश कुठून? तिकीट आहे का? किती वेळ ठेवावा?

अवशेषांत जायचा मार्ग स्मृतिकेंद्रातून जातो. ही इमारत १९९९ मध्ये खुली झाली. ती मुद्दाम उतारात अर्धी जमिनीखाली बांधली आहे, म्हणजे जुन्या गावाच्या दृश्यात तिचा अडथळा येत नाही. केंद्रातून रस्त्याखालच्या बोगद्याने तुम्ही गावात निघता. अवशेष पाहायला पैसे पडत नाहीत. केंद्रातलं कायमचं प्रदर्शन पाहायचं असेल तर तिकीट लागतं. प्रदर्शन आधी पाहा आणि मग गावात जा, असा आमचा आग्रह राहील. उलट क्रमाने गेलात तर भिंती नुसत्या भिंती दिसतात.

प्रदर्शनाला तासभर आणि गावाला दीड-दोन तास धरा. चर्च गावाच्या खालच्या अंगाला आहे. तिथून ट्रामचे रूळ असलेला मुख्य रस्ता हळूहळू चढत जातो, बाजूला बाजाराचं मोकळं मैदान लागतं आणि अगदी पलीकडच्या टोकाला स्मशानभूमी आहे. स्मशानभूमीकडे जाताना जमिनीखालचं स्मारक लागतं. तिथे राखेतून मिळालेल्या वस्तू ठेवल्या आहेत : घड्याळं, चष्मे, पेनं, कात्र्या. घाईत असलेले पुष्कळ लोक मैदानावरूनच मागे फिरतात आणि हे सगळं त्यांचं राहून जातं.

आत सावली जवळजवळ नाही, आडोसाही नाही. स्वच्छतागृहाला केंद्रातच जाऊन घ्या. पायांत सपाट तळाचे, पकड असलेले बूट हवेत, कारण ओल्या दगडावर आणि रुळांच्या खाचेत पाय घसरतो. खाणंपिणं, मोठ्याने बोलणं, भिंतींवर चढणं आणि कुत्री आणणं यांना मनाई आहे. फोटो काढता येतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत केंद्र बंद असतं, तेव्हा हिवाळ्यात जाणार असाल तर केंद्राचं वेळापत्रक पाहूनच तिकिटं काढा. १० जूनला वार्षिक श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. तो दिवस तिथल्या कुटुंबांचा. पर्यटकाने दुसरा निवडावा.

प्रश्न : त्या दिवशी काय घडलं, ते क्रमाने सांगाल का? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं.

दिवस शनिवारचा होता. तंबाखूचं रेशन मिळायचा दिवस, म्हणून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे लोकही गावात आले होते. शाळा भरल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास दीडशे ते दोनशे सैनिक वाहनांनी खालच्या अंगाच्या पुलावरून ग्लान ओलांडून आले. मेजर दर्जाचा आडोल्फ डीकमान हा या सैनिकांच्या बटालियनचा प्रमुख, तर इथे आलेल्या तिसऱ्या कंपनीचा कप्तान ऑटो कान. गावाला वेढा पडला. ओळखपत्रं तपासायची आहेत असं सांगून सगळ्यांना बाजाराच्या मैदानावर जमवलं.

मग बायका-मुलांना वेगळं काढून चर्चमध्ये नेलं आणि पुरुषांना गटागटाने सहा जागी : धान्याची कोठारं, गाड्यांचं गॅरेज, वाइनची वखार, लोहाराचं दुकान. चारच्या सुमारास इशारा झाला आणि सगळीकडे एकदमच मशीनगन सुरू झाल्या. नेम पायांवर धरला होता. नंतर पडलेल्यांवर गवत आणि लाकडं टाकून आग लावली. लोदी यांच्या कोठारात साठेक पुरुष होते. प्रेतांखाली दबून राहिलेले पाच जण तिथून जिवंत निसटले. त्यांतले रोबेर एब्रा शेवटपर्यंत साक्ष देत राहिले. २०२३ च्या फेब्रुवारीत ते गेले.

चर्चमध्ये सैनिकांनी धुराची पेटी आणून ठेवली आणि तिची वात पेटवली. पाठोपाठ स्फोट, हातबाँब, गोळ्या आणि आग. आतून एकच बाई वाचली : मार्गरित रूफांश, वय ४७. वेदीमागच्या तीन खिडक्यांतल्या मधल्या, मोठ्या खिडकीतून तिने सुमारे तीन मीटर खाली उडी घेतली. पळताना तिला पाच गोळ्या लागल्या. वाटाण्याच्या वाफ्यांत ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडून राहिली. चर्चमध्ये काय झालं हे जगाला कळलं ते मुख्यतः तिच्या साक्षीतून. चर्चच्या घंटा आगीत वितळल्या. त्यांच्या काशाचा गोळा आजही चर्चमध्ये आहे.

आणखी काही जण लपून किंवा गावाबाहेर असल्यामुळे वाचले. शाळेतला एकच मुलगा निसटला : रोजे गोदफ्रां. त्याचं कुटुंब जर्मनीने बळकावलेल्या, सीमेलगतच्या लॉरेनमधून हुसकावलं गेलेलं होतं, त्यामुळे जर्मन गणवेश म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. थांबायचं नाही हे त्याला आईवडिलांनी सांगून ठेवलं होतं. तो नदीच्या दिशेने पळाला.

पुढच्या दोन दिवसांत सैनिक परत आले आणि प्रेतं घाईघाईने पुरून गेले. ओळख पटू नये हाच हेतू. एकूण मृतांपैकी दहातल्या एकाचीही ओळख पटवता आली नाही.

प्रश्न : कुठे ६४२ लिहितात, कुठे ६४३. बरोबर कोणता आकडा?

आज ६४३. युद्धानंतर न्यायालयाने जाहीर केलेल्या मृतांच्या यादीत ६४२ नावं होती आणि सत्तरेक वर्षं तोच आकडा छापला गेला. स्पेनमधल्या यादवी युद्धातून पळून आलेली काही कुटुंबं ओरादूरमध्ये राहत होती. त्यांतल्या रमोना दोमिंगेझ गिल या बाईंचं नाव यादीत आलंच नव्हतं. स्पॅनिश कागदपत्रांच्या अभ्यासातून ते पुढे आलं आणि २०२० मध्ये आकडा दुरुस्त झाला. जुनं पुस्तक किंवा जुनी पाटी ६४२ म्हणत असेल तर ती खोटी नाही, इतकंच की ती २०२० च्या आधीची आहे. मृतांमध्ये आल्सास आणि लॉरेनचे विस्थापितही होते. लॉरेनमधल्या शार्ली गावचे बरेच लोक इथे मारले गेले, म्हणून त्या गावाने पुढे आपलं नाव शार्ली-ओरादूर केलं.

प्रश्न : हेच गाव का? इथे क्रांतिकारकांचा अड्डा होता का?

नव्हता. गावात शस्त्रसाठा होता असा मारेकऱ्यांच्या बाजूने नंतर प्रचार झाला. त्याला कसलाही पुरावा नाही. नावात गोंधळ होऊन ओरादूर-सुर-व्हेरऐवजी इथे आले, ही दंतकथाही लोकप्रिय आहे आणि तीही सिद्ध झालेली नाही. उलट १० जूनच्या सकाळी सां-जुन्यांमध्ये एसएस, गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) आणि फ्रेंच मिलिशिया (जर्मनांना साथ देणारं फ्रेंच सशस्त्र दल) यांची बैठक झाली होती. हा पत्ता चुकून आलेल्यांचा कारभार नव्हता.

पार्श्वभूमी अशी : दोस्तांच्या फौजा ६ जूनला नॉर्मंडीत उतरल्या. दक्षिणेत मोंतोबां भागात असलेल्या 'दास राइश'ला उत्तरेकडे निघायचा हुकूम आला, पण वाटेत लिमुझांमधल्या, जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकार चळवळीचा बंदोबस्त करायचा होता. ९ जूनला तिने त्यूल शहरात ९९ माणसांना रस्त्यावरच्या बाल्कन्यांना आणि खांबांना फासावर लटकवलं. त्याच संध्याकाळी हेल्मूट कॅम्पफे नावाचा तिचा एक अधिकारी प्रतिकारकांच्या हाती लागला. दहशत बसवण्यासाठी बेसावध आणि सहज वेढता येईल असं गाव हवं होतं. ओरादूर तसं होतं. असली पद्धत या तुकड्यांनी पूर्व आघाडीवर आधीच वापरलेली होती.

प्रश्न : ऐंशी वर्षं उघड्यावर राहिलेल्या भिंती अजून उभ्या कशा? त्या पुन्हा बांधलेल्या तर नाहीत ना?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. फ्रान्सच्या हंगामी सरकारचे प्रमुख द गॉल १९४५ च्या मार्चमध्ये इथे आले, त्याच्या आधीपासूनच अवशेष राखायची हालचाल सुरू होती. १० मे १९४६ च्या कायद्याने जुनं गाव ऐतिहासिक स्मारक झालं आणि सरकारच्या मालकीचं झालं. पिएर पाके या ज्येष्ठ स्मारक-वास्तुविशारदाकडे काम सोपवलं गेलं. पेच असा की अवशेष हा मुळात कोसळत जाणारा प्रकार, आणि इथे तो १० जूनच्या अवस्थेत थांबवून ठेवायचा होता.

घरं स्थानिक दगडाची, पण सांधे बहुतेक मातीच्या गाऱ्याचे. असल्या भिंतीला टिकवतं तिच्यावरचं छप्पर. छप्पर जळून गेलं की पाणी थेट भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं. आधी माती धुपते, मग दगड मोकळे होतात. लिमुझांमध्ये पाऊस भरपूर आणि हिवाळ्यात गोठण, त्यामुळे भेगेतलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि भेग रुंदावते. त्यात आयव्हीची मुळं. ज्या दगडांना आगीने भाजून काढलंय ते आधीच भुसभुशीत झालेले असतात.

यावर उपाय साधारण या क्रमाने होतात. आधी झाडोरा काढतात, पण मुळं ओरबाडून नव्हे, कारण त्यांनीच कधीकधी दगड धरून ठेवलेले असतात. ती मारून, वाळवून मग काढतात. नंतर भिंतीच्या माथ्यावर चुन्याच्या गाऱ्याचा थर देऊन त्याला उतार काढतात, म्हणजे पाणी थांबत नाही. सांधे चुन्याने भरतात. सिमेंटचं गारं इथे घातक ठरतं : ते दगडापेक्षा कडक, पाणी अडकवून ठेवणारं, त्यामुळे सांधा शाबूत राहतो आणि दगडच फुटतो. दारा-खिडक्यांवरच्या जळक्या लाकडी पाट्या कुजल्या की वरचा भार खाली येतो, तिथे डोळ्यांना न जाणवणारा आधार द्यावा लागतो.

तेव्हा पुन्हा बांधलंय का, याचं उत्तर : नाही, पण हात लावलेला नाही असंही नाही. रस्त्यावरचा ढिगारा साफ केलेला आहे, काही धोकादायक भिंती उतरवल्या आहेत, पुष्कळ भिंतींचे माथे नंतरचे आहेत. जे उभं आहे ते सततच्या डागडुजीमुळे उभं आहे. लोखंडी वस्तूंचं दुखणं याहून अवघड. शिवणयंत्रं, सायकली, खाटांचे सांगाडे, चुली उघड्यावर गंजत आहेत. सगळं आत हलवलं तर घरं रिकामी होतात आणि हलवलं नाही तर वस्तू संपतात. यावर सरसकट तोडगा नाही.

प्रश्न : मैदानाजवळ गंजलेली मोटार आहे, ती डॉक्टरांची असं फोटोंखाली लिहिलेलं असतं. खरं आहे का?

नाही. ती प्यूजो २०२ आहे आणि एका वाइन व्यापाऱ्याची होती. डॉक्टर झाक देसुर्तो रुग्ण पाहून परतले आणि वेढ्यात सापडले, हे खरं. पण त्यांची गाडी रेनो होती आणि घटनेनंतर काही दिवसांनी कुटुंबीयांनी ती हलवली. फोटो टाकणार असाल तर ओळ बदला.

प्रश्न : गुन्हेगारांना शिक्षा झाली का?

झाली म्हणावी इतकी नाही. डीकमान जूनअखेरीस नॉर्मंडीत लढताना मेला. डिव्हिजनचा सेनापती हाइन्झ लामरडिंग याला फ्रेंच न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. तो पश्चिम जर्मनीत मोकळा राहिला आणि १९७१ मध्ये वारला.

खटला उभा राहिला तो १२ जानेवारी १९५३ ला, बोर्दोच्या लष्करी न्यायालयात. आरोपी २१ : सात जर्मन आणि चौदा आल्सासचे, म्हणजे फ्रेंच नागरिक. प्रकरणातली गुंतागुंत इथेच आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. १९४० मध्ये जर्मनीने आल्सास जोडून घेतलं आणि ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या तरुणांची सक्तीची भरती सुरू केली. अशा सक्तीने गेलेल्यांना तिकडे 'मालग्रे-नू', म्हणजे मनाविरुद्ध गेलेले, म्हणतात. चौदांपैकी तेरा असे होते आणि एक स्वेच्छेने भरती झालेला. १९४८ च्या कायद्याने तुकडीचा सभासद असणं हाच गुन्ह्यात सहभाग धरला जात होता. खटला चालू असतानाच संसदेने फ्रेंच आरोपींना त्यातून वगळलं.

फेब्रुवारीच्या मध्यात निकाल लागला. एक जर्मन आणि तो स्वेच्छेने गेलेला आल्सासी, अशा दोघांना फाशी. बाकी बहुतेकांना पाच ते बारा वर्षं. लिमुझांमध्ये लोकांना हे फार कमी वाटलं आणि आल्सासमध्ये फार जास्त. तिकडे निषेधाचं वादळ उठलं. आठवड्याच्या आत संसदेने ३१९ विरुद्ध २११ मतांनी सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली आणि ते तेरा जण घरी गेले. दोघांची फाशीही पुढे रद्द झाली आणि १९५९ मध्ये तेही सुटले. देशाची एकी राखायची म्हणून संसदेने हे केलं. त्याची किंमत ओरादूरने मोजली.

गावाने सरकारशी संबंधच तोडले. मिळालेली सन्मानचिन्हं परत केली. सरकारने बांधलेल्या स्मारकात राख ठेवायला नकार दिला आणि कुटुंबांच्या संघटनेने स्मशानभूमीत आपलं वेगळं स्मारक उभारलं. एकाच गावात दोन स्मारकं का, असं विचारणाऱ्या वाचकांना हेच उत्तर. माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं अवशेषांच्या दाराशी फलकावर लावली होती आणि ती कित्येक वर्षं तशीच होती.

हाइन्झ बार्ट नावाचा पलटणनायक पूर्व जर्मनीत सापडला. १९८३ मध्ये त्याला जन्मठेप झाली, १९९७ मध्ये तब्येतीच्या कारणावरून सोडलं. समेटाच्या खुणा फार उशिरा दिसल्या : २०१३ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक पहिल्यांदा इथे आले आणि एब्रा यांच्यासोबत गावातून फिरले.

प्रश्न : नव्या गावात काही पाहण्यासारखं आहे का?

पायाभरणी १० जून १९४७ ची, राष्ट्राध्यक्ष व्हँसां ओरियोल यांच्या हस्ते. गाव १९५३ पर्यंत पूर्ण झालं. रुंद रस्ते, एकसारखी दगडी घरं, करडा रंग. बरीच वर्षं इथे नाच-गाणी, जत्रा, लग्नाचा गाजावाजा काही नसे. इथे वाढलेल्या मुलांना या सुतकाचा भार नकोसा झाला होता, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. आता ते चारचौघांसारखं गाव आहे, बेकरी आहे, जेवणाची सोय आहे. जेवण इथेच करा, म्हणजे गावालाही चार पैसे मिळतात.

प्रश्न : मुलांना न्यावं का? कोणत्या वयाची?

दहा वर्षांखालची मुलं असतील तर नका नेऊ. मृतांत दोनशेहून जास्त मुलं होती आणि केंद्रात त्यांच्या वर्गांचे फोटो आहेत. लहान मूल ते स्वतःशी जोडतं. मोठ्या मुलांना नेत असाल तर आदल्या दिवशी घटना सांगून ठेवा आणि चर्चच्या बाहेर थांबायचं की आत यायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. प्रदर्शनात चित्रफिती आहेत, त्यांपैकी प्रत्येक दाखवायलाच हवी असं नाही.

प्रश्न : अर्धा दिवस उरला तर? नदीकाठी फिरता येतं का?

युद्धाआधी लिमोजचे लोक रविवारी ट्रामने इथे यायचे ते ग्लानमध्ये मासे पकडायला आणि हॉटेलात जेवायला. ती ट्राम १९४९ मध्ये बंद पडली. अवशेषांच्या कुंपणाआतून मात्र नदीवर सहल होत नाही. त्यापेक्षा बारा-तेरा किलोमीटरवर सां-जुन्यांला जा. तिथे ग्लान व्हिएन नदीला मिळते, आणि शहराजवळ ग्लानच्या काठी कामीय कोरो हा चित्रकार येऊन चित्रं काढायचा. तो खडकाळ, झाडीचा टप्पा आज 'कोरो स्थळ' म्हणून ओळखला जातो आणि चालायला छान आहे. सां-जुन्यां चामड्याच्या हातमोज्यांसाठीही जुनं नावाजलेलं. लिमोजला परतणार असाल तर तिथलं प्रतिकार चळवळीचं संग्रहालय आधी गाठा. ओरादूरच्या प्रदर्शनात न मावलेला लिमुझांमधल्या चळवळीचा तपशील तिथे मिळतो.